सोलापूरहून कोकण किनारा, बाईकवर सहा दिवस: समुद्र डाव्या हाताला ठेवा

प्रश्न असा आहे: डिसेंबरात सहा दिवस सुट्टी, पल्सर १५०, मागं बायको, ती पूर्ण शाकाहारी, आणि सोलापूरहून निघून मुंबई-गोवा हायवेनं समुद्राच्या कडेकडेनं गोव्यापर्यंत जाऊन यायचंय, तर रस्ता कसा आणि कुठं कुठं थांबायचं. मी सोलापुरातच गाड्यांचं काम करतो आणि थंडी सुरू झाली की पोरांना घेऊन खाली कोकणात उतरतो, त्यामुळं जे सांगतोय ते रस्त्यावरचं आहे, जरा मोठं होईल पण सगळं वाचा, निघायच्या आधी उपयोगाला येईल.

पहिली गोष्ट म्हणजे मुंबई-गोवा हायवे समुद्राच्या कडेनं जातच नाही ओ. आपल्या भागातल्या लय लोकांचा हा समज असतो. तो हायवे सह्याद्री आणि समुद्राच्या मधून, आतल्या अंगानं जातो, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, कुडाळ असा, आणि त्या हायवेवर तुम्ही दिवसभर गाडी मारली तरी समुद्राचं पाणी दिसणार नाही, ट्रक, ट्रॅव्हल्स आणि सिमेंटचा रस्ता एवढंच. समुद्र बघत गाडी चालवायची असेल तर सागरी महामार्ग धरावा लागतो, रेवसपासून रेडीपर्यंतचा. नाव महामार्ग आहे पण बऱ्याच ठिकाणी तो गावातला एकेरी रस्ता आहे, दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, मध्येच आंब्याची बाग, मध्येच खाडीवरचा पूल, आणि जिथं पूल नाही तिथं फेरीबोट. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की ह्या वेळी गोवा डोक्यातून काढून टाका, सहा दिवसांत मालवण ते गुहागर एवढाच पट्टा करा आणि नीट करा. गोव्याला ट्रेननंही जाता येतं, पण आडिवरे ते पावस हा रस्ता ट्रेनमधून दिसत नाही.

दुसरी गोष्ट लोक फार विचारात घेत नाहीत. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो आणि समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे तुम्ही गुहागरहून खाली मालवणकडं निघालात तर समुद्र उजव्या हाताला, रस्त्याच्या पलीकडं, थांबायचं म्हटलं की समोरून येणारी गाडी बघत रस्ता क्रॉस करायचा, तेही वळणावर. तेच मालवणहून वर गुहागरकडं निघालात की समुद्र तुमच्याच बाजूला, कठड्याला लागून तुमची लेन, डावीकडं गाडी घेतली की झालं. मागं बसलेल्या माणसालाही मान वळवावी लागत नाही. त्यामुळं आधी आपल्या वरच्या रस्त्यानं एकदम दक्षिणेला जायचं, तिथं घाट उतरायचा, मग किनाऱ्यानं उत्तरेकडं यायचं आणि कुंभार्ली घाटानं वर चढून घरी. ह्यात आणखी एक फायदा आहे, सोलापूरहून सकाळी पश्चिमेला निघता तेव्हा ऊन पाठीवर आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर पूर्वेला येता तेव्हाही ऊन पाठीवरच, डोळ्यात नाही.

आता पहिला दिवस. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, नागज, कवठेमहांकाळ, मिरज, सांगली, कोल्हापूर. रस्ता मिरजेपर्यंत मोठा आणि चांगला आहे, गाडी पळते, आणि पळते म्हणूनच सांगतो की पळवू नका, दीडशे सीसीची गाडी दोन माणसं आणि सामान घेऊन ऐंशीच्या आत ठेवली की इंजिनही खूश आणि पाठही. डिसेंबर म्हणजे उसाचा सीझन. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, आणि पहाटेच्या अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. उन्हाळ्यात आपण चार वाजता निघतो ते बरोबर आहे, पण डिसेंबरात ऊन बाधत नाही त्यामुळं अंधारात निघायचं कारणच नाही, चांगलं उजाडल्यावर साडेसहा-सातला निघा. सांगली ते कोल्हापूर जयसिंगपूर-हातकणंगलेच्या पट्ट्यात गर्दी असते, तिथं वेळ जाणार हे धरूनच चला.

कोल्हापूर साधारण २४० किलोमीटर होतंय. दम असेल तर तिथं न थांबता पुढं ५०-५५ किलोमीटरवर राधानगरीला मुक्काम करा, नसेल तर कोल्हापुरात करा, पण एक पाळा, अंधार पडल्यावर राधानगरी-दाजीपूर रस्त्यावर गाडी घालू नका. ते गव्यांचं अभयारण्य आहे. गवा रस्त्याच्या मधोमध उभा असतो, काळा, अंधारात हेडलाईटमध्ये पायाचा पांढरा भाग तेवढा आधी दिसतो. दिवसाही दिसला तर लांब थांबायचं, हॉर्न द्यायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही, तो आपण होऊन जातो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, त्याचे स्वयंचलित दरवाजे बघण्यासारखे आहेत, सकाळी निघताना पाच मिनिटं थांबा.

दुसऱ्या दिवशी फोंडा घाट. दाजीपूर सोडलं की घाट सुरू होतो आणि खाली फोंड्याला उतरतो, तिथून कणकवली. कोकणात उतरायला करूळ आहे, भुईबावडा आहे, आंबोली आहे, आंबा घाट आहे, सगळे चांगले आहेत, पण पहिल्यांदा घाट उतरणाऱ्या सोलापूरकराला मी फोंडाच सांगतो, जंगल दाट आहे आणि दिवसा उतरायला सोयीचा आहे. निघण्याआधी चालू आहे का एवढी चौकशी मात्र करायचीच, घाटांमध्ये कुठं ना कुठं दुरुस्ती चालू असते आणि महिने-महिने रस्ता बंद राहतो.

घाट उतरण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपण सपाटीवरची माणसं. आपल्याकडं रस्ता सरळ, वळण आलं तरी लांबून दिसणारं. घाटात उतरताना लोक न्यूट्रल करतात किंवा क्लच दाबून पेट्रोल वाचवतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. असं अजिबात करू नका. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे दुसरा किंवा तिसरा, इंजिनलाच गाडी धरू द्यायची, आणि ब्रेक वळणाच्या आधी मारून मोकळं व्हायचं, वळणात गाडी झुकलेली असताना पुढचा ब्रेक ओढायचा नाही. ब्रेक सतत धरून ठेवला तर शू आणि पॅड तापतात, मग दाबलं तरी पहिल्यासारखी गाडी थांबत नाही. जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागायला लागला तर बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा, पाणी टाकू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपल्याच बाजूला राहा, एसटी वळताना तिला पूर्ण रस्ता लागतो, तिच्याशी हुज्जत घालायची नाही, थांबून जाऊ द्यायचं. आणि सगळ्यात धोक्याची म्हणजे वळणावर सांडलेली तांबडी बारीक खडी. कोकणात चिऱ्यांचे ट्रक फिरतात, त्यांच्यातून भुगा पडतो, शिवाय दरडीची माती खाली येते, त्याच्यावर टायर गेला की गाडी सरळ निघून जाते. वळणाच्या बाहेरच्या कडेला ही खडी जमते, म्हणून जिथं चारचाकीची चाकं जातात तो पट्टा धरून चालवा.

सराव करायचा असेल तर निघण्याच्या आदल्या रविवारी सगळं सामान बांधून, वहिनींना मागं बसवून तुळजापूरला जाऊन या. घाट छोटा आहे पण भरलेली गाडी उतारावर कशी वागते हे तिथं कळतं. मागच्या टायरची हवा दोघांच्या वजनाची ठेवा, स्टिकरवर दोन आकडे दिलेले असतात, एकट्याचा वेगळा आणि दोघांचा वेगळा, बहुतेक जण एकट्याचीच भरतात. मागचं सस्पेन्शन एक-दोन खाच कडक करा. सामान खाली आणि दोन्ही बाजूला सारखं, सीटच्या मागं उंच गाठोडं नको, घाटात गाडी मागं खेचते. क्लच केबल, एक ट्यूब आणि चेन ल्यूब एवढं बरोबर असलं की पुरं. आणि हेल्मेट दोघांनाही.

कणकवलीहून कसालवरून मालवणला या. दुपारपर्यंत पोचताय, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला त्याच दिवशी होतो, मालवणच्या जेट्टीवरून होड्या सुटतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ह्याचं बांधकाम सुरू केलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, हे पाणी प्यायल्याशिवाय परत येऊ नका. शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे, तट चालून बघायला वेळ हातात ठेवा. तारकर्ली-देवबागला सगळे जातात, तुम्हीही जाल, संध्याकाळ चांगली जाते, पण गाडी चालवायला तिथं काही नाही, एका बाजूला कर्ली नदी आणि एका बाजूला समुद्र, मधली चिंचोळी पट्टी, रस्ता पुढं जाऊन संपतो आणि तोच परत यायचा, सुट्टीत तर चारचाकींनी तुंबलेला. मुक्काम मालवण गावात किंवा कोळंबच्या बाजूला केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणं सोपं पडतं.

तिसऱ्या दिवसापासून खरा किनारा सुरू. मालवण, कोळंबचा पूल, तोंडवळी, आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड. आचऱ्याच्या रामेश्वराला थांबा. ह्या गावात ठराविक वर्षांनी गावपळण होते, अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं आणि मग देवाचा कौल घेऊन परत येतं. कुणकेश्वरचं मंदिर थेट समुद्राला लागून आहे, लाटा पायथ्याशी येतात, महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा असते पण डिसेंबरात निवांत. तिथून देवगडला जायला आता मिठमुंबरी-तारामुंबरी पुलाचा रस्ता आहे, तोच घ्या, जुना वळसा घेऊ नका. हा आठ-दहा मिनिटांचा तुकडा फार सुंदर आहे, सुरूची झाडं, पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग पूल आणि समोर पवनचक्क्या. देवगड-जामसंड्यात पेट्रोल फुल करून घ्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप कमी आहेत, अर्धी टाकी झाली आणि पंप दिसला की भरायचं असा नेम ठेवा, आणि खिशात रोख पैसे ठेवा, रेंज नसली की फोनवरचं पेमेंट होत नाही.

देवगडहून पडेल कॅन्टीन करून विजयदुर्ग. पडेल कॅन्टीन हे तिठ्याचं नाव आहे, कुणालाही विचारलं तरी सांगतील. किल्ल्याला तीन पदरी तटबंदी आहे, मराठ्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं, आंग्र्यांच्या ताब्यातलं, १७५६ साली पडलं. किल्ल्यापेक्षाही मला जवळचं वाटतं ते गिर्ये गावातलं रामेश्वर मंदिर, खाली उतरायची वाट कातळ फोडून केलेली आहे, दोन्ही बाजूला उंच दगड आणि मधून तुम्ही चालताय, दुपारीही तिथं गार असतं. ह्या दिवसाचा सगळा प्रवास शंभरच्या आसपास होतो, आणि तुम्ही म्हणाल एवढंच का, तर ऐका.

कोकणात किलोमीटरवर हिशोब करायचा नाही, खाड्यांवर करायचा. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी प्रत्येक नदी पश्चिमेला जाऊन समुद्राला मिळते आणि तिथं खाडी होते, आणि रस्ता प्रत्येक खाडीसाठी खाली उतरतो, पूल ओलांडतो, पुन्हा सड्यावर चढतो, सडा म्हणजे वरचं कातळाचं सपाट पठार, तिथं थोडं पळतो की पुढची खाडी आली, परत खाली. चढ-उतार, वाडीतले रस्ते, गुरं, शाळेतली पोरं, ह्या सगळ्यात ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी पडत नाही. आपल्याकडं शंभर किलोमीटर म्हणजे पावणेदोन तास, तिथं शंभर म्हणजे चार तास, आणि थांबत गेलात तर दिवस. जे लोक रोज अडीचशे-तीनशेचा प्लॅन करून जातात ते संध्याकाळी अंधारात अनोळखी वाडीत रस्ता शोधत असतात आणि मग कोकणातले रस्ते वाईट म्हणतात. किनाऱ्याच्या रस्त्यावर दीडशेच्या वर एका दिवसाला जाऊ नका.

चौथा दिवस ह्या सगळ्या ट्रिपचा सगळ्यात चांगला दिवस आहे, आणि सगळ्यात लांब, म्हणून सकाळी लवकर निघा. विजयदुर्गवरून पलीकडचा किनारा समोर दिसतो पण मध्ये वाघोटणची खाडी आहे, तिला वळसा घालून जैतापूरला यायचं. जैतापूरचा पूल ओलांडला की नाटे, तिथं यशवंतगड, मग आडिवऱ्याची महाकाली, मग कशेळी. कशेळीला तीन गोष्टी आहेत आणि तिन्हीसाठी थांबायचं. कनकादित्याचं मंदिर, सूर्याची मंदिरं आपल्याकडं मुळात कमी, आणि हे लाकडी कामाचं, शांत. दुसरं देवघळी, उंच कड्यावरून खाली समुद्राची छोटी घळ दिसते, वारा एवढा असतो की हेल्मेट आरशावर अडकवून ठेवू नका. तिसरं कातळशिल्प. सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, एवढा मोठा की पायाशी उभं राहिलं तर आधी नुसत्या रेषा दिसतात, फिरत फिरत बघितलं की सोंड कुठं, पाठ कुठं हे जुळत जातं, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी केलेलं काम उघड्यावर पडलंय, त्याच्यावर पाय देऊ नका, बूट घालून रेषांवरून चालणारे लोक बघितले की जीव जळतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर अशी भरपूर शिल्पं आहेत.

कशेळी ते पावस हा रस्ता मी कुणालाही डोळे झाकून सांगीन. गावखडीला सुरूचं बन आहे, त्यातून रस्ता समुद्राला लागून जातो, मग मुचकुंदी नदीचा पूल येतो आणि पुलावरून समोर टेकडीवर पूर्णगड दिसतो, छोटा किल्ला, वर चढून समुद्राकडच्या दरवाजात बसलात की खाडीचं मुख आणि पूल दोन्ही दिसतं. पुलावर गाडी उभी करू नका, पूल संपल्यावर जागा आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ आहे, दर्शन घ्या आणि जरा बसा. पुढं गोळप, भाट्ये, भाट्याचा पूल आणि रत्नागिरी. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आहे, थिबा राजवाडा आहे, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं होतं आणि १९१६ साली तो इथंच वारला, पण हे दोन्ही बघायला वेळ उरेल असं नाही, मी म्हणीन रत्नागिरीत फक्त पेट्रोल भरा आणि आरे-वारे उन्हं उतरायच्या आधी गाठा.

आरे-वारेचा रस्ता रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्यानं जातो, हायवेकडून निवळीवरून यायचा जो रस्ता आहे तो लांब पडतो आणि त्यात काही बघायला नाही. दोन पुळणी, मध्ये डोंगराचं नाक, रस्ता त्या डोंगरावर चढतो आणि वरून दोन्हीकडचा समुद्र एकदम दिसतो. दक्षिणेकडून येताय म्हणून कठडा तुमच्या बाजूला. वरच्या वळणावर गाड्यांची गर्दी असते, लोक वळणातच बाईक लावून सेल्फी काढतात, तिथं थांबू नका, वळण सोडून थोडं पुढं मोकळी जागा मिळते. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी साताठच्या सुमारास परत एकदा तिथं या, फक्त तेवढ्यासाठी, गणपतीपुळ्याहून जवळच आहे, सूर्य डोंगराच्या मागून येतो, समोरचं पाणी निळं दिसतं, माणूस नसतं. संध्याकाळी सगळा उजेड डोळ्यात येतो, फोटोला छान, गाडी चालवायला त्रासाचा.

मुक्काम गणपतीपुळ्याला किंवा शेजारच्या मालगुंडला. शाकाहारी असाल तर हा भाग तुमचाच आहे. घरगुती खानावळींत उकडीचे मोदक, आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी मिळते, पण दुपारचं जेवण हवं तर सकाळीच फोन करून सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर नसतं, माणसं मोजून करतात. मालवणकडं घावणे-चटणी, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, हे शाकाहारीच आहे, फक्त मागताना स्पष्ट सांगा कारण वडे म्हटलं की आधी कोंबडीच समोर येते. आपल्या जिभेला दोन दिवसांनी नारळ गोड लागायला लागतो, त्यासाठी शेंगा चटणी बरोबर न्या, कडक भाकरीही न्या, पण ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तिथल्या दमट हवेत उघडी राहिली की नरम पडते. वाटेत सड्यावर झाडाखाली बसून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गावातून घेतलेलं ताक, ह्याच्यासारखं दुपारचं जेवण नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्रात मात्र पोहायला उतरू नका, पाणी ओढून नेतं, दरवर्षी माणसं जातात.

पाचवा दिवस छोटा आणि आरामाचा. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, त्यांचा जन्म इथला, १८६६ सालचा, त्यांच्या कविता शाळेत शिकलो असू तर अर्धा तास द्यावा. पुढं जयगड, किल्ला आणि कऱ्हाटेश्वर, आणि मग फेरीबोट. जयगड ते तवसाळ, शास्त्री नदीची खाडी. पहिल्यांदा बोटीवर बाईक चढवणार असाल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. चढायची पट्टी लोखंडी असते आणि ओली असते, सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न मारता चढा, मागच्या माणसाला आधीच उतरवून चालत यायला सांगा. आत गेल्यावर बोटीतले लोक सांगतील तिथंच लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, साईड स्टँड लावून गाडीजवळ उभे राहा, बोट हलली की गाडी आडवी होते. मोठी गाडी बाजूला असेल तर तिच्या दरवाजापासून अंतर ठेवा. शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नका. आणि काही कारणानं फेरी बंद असली तर घाबरायचं नाही, राई-भातगावचा पूल आहे, तिकडून वळसा घालून गुहागर तालुक्यात जाता येतं.

तवसाळला उतरलं की रोहिले, हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, गुहागर. हेदवीला दशभुज गणपती आहे आणि समुद्रावर बामणघळ, खडकात लांब अरुंद भेग, भरतीच्या वेळी पाणी आत घुसून वर उसळतं. ओहोटीला गेलात तर तिथं नुसता खडक, मग लोक म्हणतात काही नाहीये. भरती काढायचा कोकणातला साधा हिशोब सांगतो. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं, मधे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराला भरती, आणि तीच सगळ्यात मोठी. घळीच्या कडेवर मात्र उभं राहायचं नाही, खडक शेवाळलेला असतो आणि लाट सांगून येत नाही.

सहावा दिवस परतीचा, साडेतीनशेच्या आसपास, तेव्हा गुहागरहून उजाडताच निघा. शृंगारतळी, मार्गताम्हाणे, चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कऱ्हाड. घाटात ट्रक भरपूर, चढताना ट्रकच्या मागं धुरात अडकून बसू नका आणि वळणावर ओव्हरटेकही करू नका, सरळ तुकडा येतो तेव्हा गिअर खाली घेऊन एकदम निघा. कऱ्हाडला जेवण. तिथून गुहागर-विजापूर रस्ताच पकडून विटा, भिवघाट, नागज, आणि नागजला आपला सोलापूर रस्ता लागतो. पंढरपूरमार्गे यायचा मोह होईल, पण एकादशी नाही ना हे बघूनच.

वेंगुर्ला, शिरोडा, रेडी हा खालचा पट्टा आणि वर हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास हा दापोलीकडचा पट्टा मी मुद्दाम घेतला नाही. दोन्ही सुंदर आहेत, पण सहा दिवसांत कोंबले तर काहीच नीट होणार नाही. दापोलीची बाजू पुढच्या वर्षी महाबळेश्वर-पोलादपूरच्या आंबेनळी घाटानं उतरून करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पावसाळ्यात जायचं का असंही बरेच जण विचारतात, हिरवं दिसतं हे खरं, पण दरडी कोसळतात, फेऱ्यांचा भरवसा नसतो, आणि घाटात पायाखालचं दिसत नाही एवढं धुकं, पहिल्यांदा जाणाऱ्यानं तरी नको.

पुळणीवर गाडी घालायची नाही, हे हात जोडून सांगतो. किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, पोरं खेळत असतात, गावकऱ्यांना आवडत नाही, आणि गाडीचंही वाटोळं होतं. वाळूत रुतलेली बाईक रेस करून क्लच प्लेटी जाळलेल्या गाड्या माझ्याकडं येतात. खाऱ्या वाऱ्यानं चेन दोन दिवसांत तांबडी पडते, म्हणून मुक्कामाला पोचलात की चेन गरम असतानाच ल्यूब मारा, रोज. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्यानं गाडी धुवा, खालून, मडगार्डच्या आतून, सायलेन्सरच्या क्लॅम्पपाशी, डिस्कच्या कॅलिपरपाशी, आणि सुकल्यावर चेन व केबलला तेल द्या. आठ दिवस तशीच ठेवली तर नटांवर गंज चढतो आणि तो मग निघत नाही.

तारखांचं म्हणाल तर २५ डिसेंबर ते १ जानेवारी सोडून कुठलीही घ्या, त्या आठवड्यात मालवण आणि गणपतीपुळ्याला खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट पैसे, आणि आरे-वारेवर गाडीला गाडी लागलेली असते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला, त्यातही शनिवार-रविवार रस्त्यात जातील आणि मधले वार किनाऱ्यावर मिळतील असं बसवा, म्हणजे शनिवारी निघून गुरुवारी परत. संकष्टी असेल त्या दिवशी पुळ्याला मुक्काम टाळा. सुट्टी पुढं ढकलली गेली तर जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपून निघा, हवा तेव्हाही छान असते, फक्त घाटात सकाळी गारठा जास्त, वहिनींसाठी जाड जर्किन आणि हातमोजे घ्या.